मोहाची दारू, घरगुती
मोहाची (मधुका लाँगिफोलिया) सुकविलेली फुले आंबवून व त्यांचे ऊर्ध्वपातन करून तयार केलेले मद्य. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, विशेषतः गोंड समाजात, ते पूर्वापार घरोघरी गाळले जाई. जन्म, विवाह, मृत्यू इ. प्रसंगी आणि देवकार्यात ते अर्पण करण्याची प्रथा असल्याने त्याच्या प्रतीला महत्त्व असे.

बिअरसाठी धान्याला मोड आणून त्यातील पिठाची साखर करून घ्यावी लागते. मोहाच्या फुलात साखर मुळातच असते. सुकलेल्या फुलाच्या वजनाचा सु. निम्मा किंवा अधिक भाग तिचा असतो. त्यामुळे प्रत प्रथम फुलावर ठरते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुले झाडाखालची जमीन स्वच्छ करून त्याच सकाळी वेचतात व उन्हात वाळवितात. ओल राहिल्यास बुरशी धरते आणि तिचा कुबट वास दारूत उतरतो. मातीच्या भांड्यात भिजविलेली फुले ऋतुमानानुसार काही दिवस आंबतात. हा काळ लांबल्यास अल्कोहॉलाचे ॲसिटिक अम्ल होऊन आंबूसपणा येतो. जाळ प्रखर झाल्यास तळाची फुले करपतात. म्हणून मंद आच ठेवून वाफ थंड पाण्याने निववितात. आरंभी उतरणारा द्रव तीव्र व नंतरचा पाणचट असतो. मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग अस्सलपणाचा द्योतक झाला, तो यावरूनच. तथापि पहिल्या धारेने केवळ तीव्रता मिळते. चांगल्या दारूला उत्कृष्ट करणारा सुगंध फूल, आंबवण व आच यांवर अवलंबून असतो. या तिन्ही गोष्टींना सवड लागते.

ही सवड कायद्याने संपविली. नागपूर ही १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी होती. इंग्रजी अमलात भट्ट्यांचे मक्ते लिलावाने दिले जात किंवा सरकारी देखरेखीखालील भट्टीत मद्याच्या तीव्रतेनुसार शुल्क आकारले जाई. महसुलासाठी तीव्रतेचे मोजमाप पुरेसे होते. वासाचे वा चवीचे मोजमाप नव्हते. मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदी कायदा झाला. राज्यपुनर्रचनेनंतर मुंबईचा १९४९ चा कायदा विदर्भासही लागू करण्यात आला. व्यसनाने होणारी कुटुंबांची हानी खरी होती. गडचिरोलीतील १९९३ ची दारूबंदी लोकचळवळीतूनच आली. परंतु चोरून गाळणाऱ्याला घाई असते. फुलाऐवजी काळा गूळ व नवसागर वापरणारी हातभट्टी पसरली आणि ‘गावठी’ हा शब्द निकृष्टतेचा वाचक ठरला.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. फूल वेचणे त्यामुळे मोकळे झाले. परवान्याविना दारू गाळणे मात्र गुन्हाच राहिले आहे.