परीक्षा विद्यार्थ्याची की पाठाची?

विद्यार्थ्याची परीक्षा घेण्याची प्रथा प्राचीन आहे. पाठाची परीक्षा ही कल्पना मात्र अलीकडची होय. विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला की तो मंदबुद्धी अथवा आळशी ठरे. पाठाच्या रचनेतच काही उणीव असेल, अशी शंका क्वचितच घेतली जाई. ही दृष्टी पालटण्याचे पुष्कळसे श्रेय अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांना द्यावे लागते.

१९२९ मध्ये टायलर ओहायो राज्य विद्यापीठात रुजू झाले. तेथील प्राध्यापकांना कसोट्या तयार करण्यात ते साहाय्य करीत. शास्त्रीय विचारशक्ती वाढविणे हा प्राणिशास्त्राच्या अध्यापनाचा एक हेतू मानला जाई. परंतु प्रश्नपत्रिकांतून पारख होई ती मुख्यतः पाठांतराची. म्हणून टायलर यांनी प्रत्येक उद्दिष्टासाठी निराळी कसोटी योजिली आणि अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने विद्यार्थ्यांना पुन्हा तपासले. अवयवांच्या नावांची स्मृती बरीच ओसरली होती. अपरिचित प्रयोगाचा अर्थ लावण्याची क्षमता मात्र टिकून होती. म्हणजे पाठाचे जे फलित चिरस्थायी होते, त्याचीच मोजदाद परीक्षेत होत नव्हती.

पुढे ३० माध्यमिक शाळांचा सहभाग असलेल्या ‘आठ वर्षांच्या अभ्यासा’त (१९३३–१९४१) मूल्यमापनाचे नेतृत्व टायलर यांच्याकडे आले. त्यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण संपादित करून प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये ते भारतात आले व येथील परीक्षा-सुधारणेच्या कार्याला त्यांचे मार्गदर्शन लाभले.

तथापि एक अडचण उरलीच होती. वर्षअखेरीचा निर्णय कितीही अचूक असला, तरी त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचा पाठ सुधारण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते. १९६७ मध्ये मायकेल स्क्रिव्हन यांनी रचना चालू असताना दुरुस्तीसाठी करावयाचे मूल्यमापन आणि रचना पूर्ण झाल्यावर निवाड्यासाठी करावयाचे मूल्यमापन, असा स्पष्ट भेद केला. महाराष्ट्रातील शाळांत रूढ झालेल्या ‘आकारिक’ व ‘संकलित’ या संज्ञांचे मूळ या भेदात आहे.

स्क्रिव्हन यांच्या मूळ विवेचनात दुरुस्ती अभिप्रेत होती ती अभ्यासक्रमाची, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आकारिक नोंदींचा उपयोग केवळ गुणपत्रक भरण्यापुरता झाला, तर पाठ तपासणीतून पुन्हा निसटतो आणि दोष पूर्वीप्रमाणेच विद्यार्थ्याच्या माथी बसतो.