देहोपस्थिती: एका शब्दाची कुळकथा

पेशवेकालीन कागदपत्रांत रमणाऱ्या अभ्यासकाला 'हाजीरजामीन' हा शब्द वारंवार भेटतो. एखाद्या इसमावर सरकारचा वहीम असला, किंवा त्याच्याकडे सरकारची बाकी निघत असली, तर सरकारातून बोलावणे येईल तेव्हा हा मनुष्य मी हजर करीन, असे कोणा प्रतिष्ठिताने त्याच्यासाठी लिहून द्यावे लागे. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याने सत्तेपुढे माणूस उभा करण्याची हमी घ्यावी, असा त्या शब्दाचा भाव होता. आज ज्या शब्दाची कुळकथा सांगावयाची आहे, त्याच्यात हीच हमी उलट दिशेने वाहते. येथे माणूस सरकारच्या कोठडीत असतो आणि त्याला न्यायासनापुढे उभे करण्याची जबाबदारी सरकारवर असते. वकिलांच्या तोंडी त्याचे 'हेबिअस कॉर्पस' हे लॅटिन नाव अद्याप रुळलेले आहे. हिंदीत त्याला 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणतात. आणि मराठीत त्यासाठी 'देहोपस्थिती' हा शब्द योजिलेला आहे. राष्ट्राचे शासन आपल्या प्रजेचे मूलभूत व मानवी हक्क कसे वाढीस लावते, या प्रश्नाचे उत्तर मला या एका शब्दाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते, तितके ते कोणत्याही जाहीरनाम्यात दिसत नाही.

या शब्दाचे मूळ घर मध्ययुगीन इंग्लंड. अमुक दिवशी अमुक न्यायालयापुढे अमुक माणसाचा देह घेऊन ये, असे राजाच्या नावाने निघालेल्या हुकमात अमलदाराला फर्माविलेले असे. प्रारंभी त्यात बंदिवानाच्या सुटकेचा लवलेशही नव्हता. ज्याने न्यायालयापुढे यावयाचे तो येत नसेल तर त्याला आणविण्याचे ते साधन होते, म्हणजे आपल्या हाजीरजामिनाचाच तो दूरचा भाऊबंद. पुढे, माणसाबरोबर त्याच्या अटकेचे कारणही लिहून आणावे, अशी भर पडली, आणि त्या एका पुरवणीने शब्दाचे कुळ पालटले. १६२७ साली, राजाने सक्तीने मागितलेले कर्ज देण्याचे नाकारून तुरुंगात गेलेल्या पाच सरदारांनी आपल्या अटकेचे कारण विचारले, तेव्हा 'राजाची खास आज्ञा' एवढेच उत्तर आले आणि न्यायालयाने त्यांना परत कोठडीत धाडले. परंतु ते उत्तर पार्लमेंटच्या जिव्हारी लागले. पुढच्याच वर्षी, कारण दाखविल्यावाचून कोणास डांबून ठेवू नये, असे हक्कांच्या अर्जात लिहिले गेले, आणि १६७९ च्या कायद्याने तुरुंगाधिकाऱ्याला मुदत व दंड लावून बांधून घेतले.

हिंदुस्थानात हा प्राधिलेख, म्हणजे न्यायालयाचा असा हुकूम, कंपनी सरकारच्या काळी इलाख्यांच्या राजधान्यांतून उतरला, आणि त्याची पहिली मोठी परीक्षा मराठी मुलखात झाली. १८२८ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने असा प्राधिलेख काढला की, पुण्यातील पांडुरंग रामचंद्र या प्रतिष्ठित गृहस्थांच्या ताब्यात असलेल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला न्यायालयापुढे आणावे. कोर्टाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघे त्याच वर्षी निवर्तले आणि एकटे सर जॉन पीटर ग्रँट उरले. पुण्याच्या माणसावर मुंबईच्या कोर्टाचा अधिकार चालत नाही, अशी भूमिका घेऊन गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हुकमाची बजावणी होऊ दिली नाही. तेव्हा ज्या न्यायालयाचा हुकूम सरकारच मानीत नाही ते उघडे ठेवण्यात अर्थ नाही, असे मानून ग्रँट यांनी १८२९ च्या एप्रिलमध्ये कोर्टाचे दरवाजे बंद केले. प्रिव्ही कौन्सिलचा कौल सरकारच्या बाजूने पडला. म्हणजे शनिवारवाड्यावर नवे निशाण चढून दहा वर्षे लोटली तरी देहोपस्थितीची चाल मुंबईच्या हद्दीपाशीच थांबली होती, आणि घाटावरच्या रयतेला तिचा आश्रय नव्हता.

पुढे फौजदारी संहितेने तो आश्रय काहीसा विस्तारला, तरी परक्या राज्यात त्याची मुळे उथळच राहिली. १९४३ साली केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने असा निर्णय दिला की, ज्या नियमान्वये असंख्य माणसे विनाचौकशी तुरुंगात पडली आहेत तो नियमच मूळ कायद्याबाहेरचा आहे. परंतु सरकारने वटहुकूम काढून लगोलग ते छिद्र बुजविले. उपाय होता, पण तो ज्याच्या विरुद्ध वापरावयाचा त्याच्याच मर्जीवर जगत होता.

ही मर्जी संपविण्याचे काम संविधानाने केले. जुन्या मराठी दफ्तरांत 'हक्क' म्हणजे वतनदाराचा हक्कलवाजिमा; तो वतनाबरोबर आणि जन्माबरोबर येई, आणि ज्याच्या वाट्याला वतनाची केवळ चाकरी आली त्याच्या पदरी हक्कापेक्षा वेठच अधिक पडे. महारवतनाच्या जोखडाविरुद्ध झुंजलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुद्यात हाच शब्द जात, वतन आणि धर्म यांपासून सोडवून माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाच्या स्वाधीन केला, याचा उल्लेख करताना आजही मन भरून येते. परंतु हक्क लिहून ठेवल्याने तो मिळत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, जे कलम पुढे बत्तिसावे झाले त्या उपायाच्या कलमाला त्यांनी संविधानाचा आत्मा व हृदय म्हटले. देहोपस्थितीसह पाच प्राधिलेखांची मागणी थेट सर्वोच्च न्यायालयापुढे करता येणे हाच स्वतंत्र मूलभूत हक्क झाला, आणि कलम २२६ ने तोच अधिकार प्रत्येक उच्च न्यायालयाला दिला. मोरो रघुनाथाच्या वेळी मुंबईच्या वेशीवर अडलेला प्राधिलेख आता देशातील कोणत्याही तुरुंगाच्या दाराशी जाऊ शकत होता.

या दोन कलमांचा आवाका केवढा, हे १९६५ सालच्या एका प्रकरणावरून कळते. प्रभाकर संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हा मराठी ग्रंथ लिहिला; प्रकाशनासाठी तो बाहेर पाठविण्यास सरकारने परवानगी नाकारली, आणि दाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. माणूस स्थानबद्ध आहे एवढ्यावरून, कायद्याने काढून न घेतलेले त्याचे उरलेले स्वातंत्र्य हिरावता येत नाही, असे ठरून अणुविज्ञानावरील त्या हस्तलिखिताला बाहेर येण्याची वाट मिळाली.

दहा वर्षांनी पदार्थविज्ञानाचाच आणखी एक मराठी अभ्यासक बंगळूरच्या तुरुंगात आला. प्रा. मधु दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात हा विषय शिकवीत आलेले, राजापूरचे खासदार. पक्षांतरविषयक विधेयकाच्या संसदीय समितीच्या कामासाठी ते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र बंगळुरात आले होते, आणि २६ जून १९७५ च्या सकाळी, आणीबाणी पुकारली गेल्यानंतर काही तासांतच, त्यांना अटक झाली. प्रमिलाताई दंडवते यांना पुढे येरवड्यास ठेवण्यात आले. पतिपत्नींचा संसार दोन तुरुंगांमधल्या पत्रांवर चालला.

या बंदिवानांनी देहोपस्थितीसाठी कर्नाटक उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. हे न्यायालय ज्या तांबड्या इमारतीत आहे तिला 'अठरा कचेरी' म्हणतात, कारण म्हैसूर संस्थानच्या कारभाराची अठरा खाती एके काळी तेथे नांदत. मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला बंदिवानांच्या बाजूने तेथे उभे राहिले. सरकारचे म्हणणे असे की, राष्ट्रपतींच्या आदेशाने हक्कांची दाद मागण्याचा मार्गच स्थगित झाला असल्याने हे अर्ज ऐकताच येणार नाहीत. तो प्राथमिक आक्षेप कर्नाटकाने मानला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह इतरही अनेक न्यायालयांनी मानला नाही. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारचे म्हणणे उचलून धरले. एकटे न्या. एच. आर. खन्ना वेगळे उभे राहिले, आणि पुढे त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीशपद देण्यात आले. चौघांच्या बहुमतात पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरच्या घराण्यातले न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते, याचे शल्य मराठी वाचकाला आजही वाटते.

तथापि कुळकथा तेथे संपली नाही. १९७८ साली संसदेने संमत केलेल्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या एकविसाव्या कलमाची दाद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे बंधन राष्ट्राच्या शासनाने स्वतःवर घालून घेतले. हक्कसंवर्धनासाठी त्याने केलेल्या सर्व कामांत मला हे काम थोर वाटते, कारण आपलाच हात बांधण्यास जी सत्ता संमती देते तिचे इतर शब्द विश्वासार्ह ठरतात. १९८३ साली, सरन्यायाधीशपदी असताना, त्याच चंद्रचूडांनी, निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षे खितपत पडलेल्या रुदुल साह यांच्या देहोपस्थितीच्या अर्जावर, आधीच्या ५,००० रुपयांखेरीज ३०,००० रुपये देण्याचा हुकूम राज्याला केला, आणि उपायाला भरपाईचे अंग फुटले. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आला. तुरुंगांना भेटी देणे, तक्रारींची चौकशी करणे, हक्कांचे ज्ञान लोकांत पसरविणे ही त्याची कामे ठरली. १९९६ ते १९९९ या काळात त्याचे अध्यक्षपद बंगळूरचेच न्या. एम. एन. वेंकटाचलय्या यांनी सांभाळले. तरी आयोगाच्या शिफारशींमागे हुकमाचे बळ नाही, आणि म्हणून देहोपस्थितीची जागा तो घेऊ शकत नाही.

मग २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वार्धक्यात दाखल केलेल्या अर्जावर नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला, आणि त्याच निकालात जबलपूर प्रकरणातील बहुमताचे मत रद्दबातल केले. ते रद्द करणाऱ्या निकालपत्रावर सही होती न्या. धनंजय यशवंत चंद्रचूड यांची. पित्याच्या हातून सुटलेला धागा पुत्राने उचलला, आणि तो उचलण्याचे निमित्त पुरविले बंगळूरच्या एका वयोवृद्ध अर्जदाराने.

दंडवते आदींना जेथे ठेवले होते तो बंगळूरच्या शेषाद्री रस्त्यावरचा जुना मध्यवर्ती तुरुंग आता 'फ्रीडम पार्क' झाला आहे. पहाऱ्याचा मनोरा मध्ये तसाच उभा आहे, काही बराकी राखून ठेविल्या आहेत, आणि आवारात कोणी ना कोणी आपले गाऱ्हाणे घेऊन धरणे धरून बसलेले असते. तेथून अठरा कचेरी फार दूर नाही. कोणा बेपत्ता मुलाचा बाप वा अटकेतल्या माणसाची पत्नी देहोपस्थितीचा अर्ज घेऊन तिच्या पायऱ्या चढते, तेव्हा ती एकच गोष्ट मागते: माझा माणूस कोठे आहे, आणि त्याला कोणत्या कायद्याने ठेवले आहे, ते सांगा. पूर्वी माणूस हजर करण्याची हमी तिच्यासारख्यांना द्यावी लागे; आज सरकार तिचा हाजीरजामीन आहे. १९७६ साली त्याने जामीनकी नाकारली होती, हे विसरू नये, आणि म्हणून त्या पायऱ्यांवरून येणाऱ्या प्रत्येक अर्जाचे उत्तर वेळेवर, लेखी व खरे द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.