पाटी कोणी पुसावी?

आमच्या शुक्रवार पेठेंतील, किंबहुना एकंदर सोलापुरांतील वाचकांस जेकार्डाचा माग परका नाहीं. भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावर फिरते आणि तिच्या हुकुमाप्रमाणें चादरीवर नक्षी उमटते. काल काम थांबलें तेव्हां माळ जेथें होती तेथेंच ती आज उभी असते. नवी चादर घेतांना पहिला पुठ्ठा पुढें आणणें हें विणकराचें काम. तें राहिलें तर माग अडत नाहीं, धागाहि तुटत नाहीं. नक्षी तेवढी मधूनच सुरू होते. संगणकाच्या इतिहासांत हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं वावरत आला आहे, आणि त्याची किंमत एका चादरीहून पुष्कळच मोठी पडली आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं जो संगणक पुरा झाला व ज्यास १९६२ त पंडित नेहरूंनीं 'टिफ्रॅक' हें नांव दिलें, त्याच्या स्मृतींत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. ही स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची होती. वीज गेली तरी अशा कड्यांचें चुंबकत्व टिकतें. हा गुण खरा. परंतु त्यामुळेंच एकाचे आंकडे दुसऱ्याच्या आज्ञावलीस आयते मिळावयाचे. बेरजेच्या जागीं आधीं शून्य न मांडतां बेरीज करूं गेल्यास उत्तर चुकावयाचेंच. आजच्या यंत्रांची स्मृति वीज जातांच पुसली जाते खरी. पण चालू यंत्रांत तीच जागा क्षणोक्षणीं एका कामाकडून दुसऱ्याकडे जात असते.

बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास घडविलेल्या 'सी' भाषेनें या प्रश्नाचें अर्धेंच उत्तर दिलें. आज्ञावलीच्या आरंभापासून अंतापर्यंत टिकणाऱ्या चलांस ती स्वतः शून्य देते. एखाद्या फंक्शनापुरत्या जन्मणाऱ्या चलांस कांहींच देत नाहीं. तसेंच 'मॅलॉक' जागा आहे तशी हातीं देतो, 'कॅलॉक' ती पुसून देतो. कारण उघड आहे. शून्य लिहिण्यासहि वेळ लागतो, आणि फंक्शनास लाखों वेळां बोलावणें येतें. त्या काळच्या यंत्रांकडे पाहतां ही काटकसर आम्हांस कृपणपणाची वाटत नाहीं. मात्र तीं यंत्रें गेलीं आणि नियम तेवढा उरला, याचें समर्थन आम्हांस तितकें सोपें वाटत नाहीं.

आणखी एक बारकावा आहे. एका रचनेंत १ बाइटाचें अक्षर व त्यापुढें ४ बाइटांचा पूर्णांक ठेवला तर कंपायलर बहुधा मध्यें ३ बाइट रिकामे सोडतो. दोन्ही घटकांस मूल्यें दिलीं तरी त्या फटींत जुना मजकूर राहूं शकतो. आणि ऑपरेटिंग सिस्टिमनें ती रचना जशीच्या तशी बाहेर धाडली कीं तिच्या पोटांतील गुपितहि बाहेर पडतें.

उलट दिशेनें केलेली दक्षताहि कशी अंगलट येते हें डेबियनच्या प्रकरणांत दिसलें. 'ओपन-एसएसएल' या गुप्तलेखनाच्या आज्ञावलींत यदृच्छेचा सांठा ढवळणाऱ्या दोन ओळी दिसावयास सारख्याच होत्या. एक न पुसलेल्या जागेंतील गाळहि त्यांत मिसळीत असे. तिच्यावांचून अडत नव्हतें. दुसरी खरें बीं पेरीत असे. 'व्हॅलग्राइंड' हें तपासणीचें साधन न भरलेली स्मृति वाचल्याची तक्रार करी, म्हणून २००६ सालीं दोन्ही ओळी काढून टाकण्यांत आल्या. तक्रार मिटली. परंतु यदृच्छा म्हणून उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यता! इतक्या किल्ल्या तर कोणीहि क्रमानें लावून पाहील. मे २००८ मध्यें हें उघडकीस आलें, आणि मधल्या काळांत अशा यंत्रांवर तयार झालेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. कोणती जागा कां रिकामी आहे हें न जाणतां केलेली साफसफाई आम्हांस गाळाइतकीच भयावह वाटते.

१९९५ त आलेल्या 'जावा'नें घटकांस आपण होऊन शून्य दिलें आणि मूल्य न दिलेलें स्थानिक चल वाचूंच दिलें नाहीं. २०१५ त स्थिर झालेल्या 'रस्ट' भाषेनेंहि असें वाचन कंपायलरकडूनच अडविलें. तथापि यंत्राशीं थेट बोलणाऱ्यांस कोरी जागा लागतेच, म्हणून २०१९ त तिनें 'मेबी-अनइनिट' हा वेगळा प्रकार दिला. त्यांतील जागा भरली आहे अशी हमी लेखकानें 'अनसेफ' असें लिहून द्यावयाची असते. त्याच वर्षीं लिनक्सच्या गाभ्यानें, मागितलेली स्मृति पुसूनच देण्याची सोय केली, आणि २०२२ मध्यें 'जीसीसी' कंपायलरच्या १२ व्या आवृत्तींत 'सी'च्या स्थानिक चलांस शून्य भरण्याचा पर्याय आला. तो पर्याय चालू असतां ज्यास एखादी जागा न पुसतां हवी असेल, त्यास आतां त्या चलापुढें तसें लिहून मागावें लागतें.