न जेवणाऱ्या पिल्लाची बाजू

लहान जिवाने अन्न सोडले म्हणजे त्याचे काहीतरी बिनसले आहे आणि काहीही करून त्याच्या पोटात चार घास गेलेच पाहिजेत, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. माणसाच्या बाळापुरता तो खराच आहे. तान्ह्याने दूध सोडले तर दवाखाना गाठावा, त्यात वाद नाही. वाद आहे तो हाच नियम टॅरंटुलाच्या पिल्लाला लावण्याबद्दल. हे केसाळ कोळी हौसेने पाळणारे लोक जगभर आहेत. सानगडीसारख्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातल्या गावात तर लाकडांच्या ढिगात सापडलेला कोळी बरणीत घालून ठेवणारे एखादे पोर निघायचेच. बरणीत नाकतोडा टाकतात, कोळी ढुंकूनही पाहत नाही, आणि मग चिमट्याने घास तोंडाशी धरण्यापर्यंत मजल जाते.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो: मोठा कोळी महिनोन्महिने उपाशी राहत असेल, पण पिल्लू नखाएवढे. त्याच्या अंगात साठा तो किती? शिवाय भूक मरणे हे रोगाचे लक्षण आहेच. मग वाट बघत बसण्यापेक्षा भरवून मोकळे झालेले काय वाईट?

याचे पहिले उत्तर परदेशी पुस्तकांत शोधायला नको. ते साकोली तालुक्यासारख्या भागात येनाच्या झाडावर बसलेले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातले टसर कोशाचे जिल्हे. ढिवर समाजाची माणसे येन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडतात आणि पाखरांपासून त्यांची राखण करतात. ही अळी आयुष्यात चार वेळा कात टाकते. प्रत्येक वेळी आधी तिचे खाणे थांबते. फांदीवर ती रेशमाची बारीकशी गादी विणते, मागचे पाय तिच्यात रोवते, पुढचे अंग किंचित उचलून धरते आणि तशीच बसून राहते. जवळून पाहिले तर जुन्या डोक्याचे कवच पुढे सरकलेले दिसते आणि त्यामागे नवे, मोठे, फिक्या रंगाचे डोके तयार होत असते. अशा वेळी कुणी दया येऊन तिला उचलून ताज्या पानावर ठेवले तर रोवलेले पाय सुटतात. मग कातडी मागे ओढायला आधार उरत नाही आणि अळी अर्ध्या कातेत अडकून मरते. म्हणून जाणता पालक या काळात अळीला हात लावत नाही. तुतीच्या रेशमात तर याचा रीतसर नियमच आहे. अळ्या ‘मोल्टला बसल्या’ की पाला बंद करायचा आणि चुन्याची भुकटी टाकून उरलेला पाला सुकवायचा. जवळजवळ सगळ्या अळ्या उठल्याशिवाय पुन्हा पाला घालायचा नाही. घाई केली तर काही अळ्या पुढे जातात, काही मागे राहतात आणि सगळी पैदास विषम होते. ज्यांची रोजीरोटी त्या जिवाच्या खाण्यावर चालते, तेच लोक त्याचे खाणे आपल्या हाताने थांबवतात. पुढे टसरचा पतंग कोशातून बाहेर येतो तेव्हा त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. थोड्या दिवसांचे आयुष्य तो अन्नावाचून काढतो, अंडी घातली जातात आणि वंश चालतो.

यावर कुणी म्हणेल की अळी हा कीटक, कोळी कीटक नव्हे. शिवाय अळीचा उपवास दिवसा-दोन दिवसांचा, कोळ्याचा आठवड्यांचा. आक्षेप रास्त आहे. म्हणून कोळ्याच्याच शरीराकडे वळू. टॅरंटुला कात टाकतो तेव्हा फक्त वरची केसाळ कातडी सुटत नाही. विषदंतांचे कवच सुटते आणि अन्नरस ओढून घेणाऱ्या जठराचे आतले अस्तरही बाहेर येते. नवे दंत आधी पांढरे आणि मऊ असतात, मग तांबूस होतात आणि शेवटी काळे पडून टणक होतात. कोळी घास चावून गिळत नाही. भक्ष्यावर पाचकरस सोडून ते विरघळवतो आणि रस ओढतो. दंत मऊ आणि अस्तर नवे असताना हे होणार कसे? चिमट्याने घास पुढे करणारा ज्याला हट्ट समजतो, ती त्या जिवाची शारीरिक असमर्थता आहे. अंड्यातून निघालेली अगदी कोवळी पिल्ले तर पोटातल्या बलकावरच जगतात. पुढची कात पडेपर्यंत ती शिकारच करत नाहीत.

आता साठ्याचा मुद्दा. कोळ्याच्या शरीराचा स्वस्थ बसल्या वेळचा खर्च फार कमी असतो. तेवढ्याच वजनाच्या इतर थंड रक्ताच्या प्राण्यांपेक्षाही तो कमी भरतो, हे जॉन अँडरसन या संशोधकाने 1970 च्या सुमारास मोजून दाखवले आहे. पिल्लाचे पोट गोल, ताणलेले आणि तकतकीत दिसत असेल तर साठा तिथेच आहे आणि बहुधा कात जवळ आली आहे. लहान अंगाला धोका आहे तो तहानेचा. कोळ्याचे पाय सरळ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने. पाणी आटले की दाब पडतो आणि पाय पोटाखाली मुडपतात. तेव्हा पोट सुरकुतले आणि पाय मुडपू लागले तर नाकतोडा नव्हे, पाणी द्यायचे. पूर्वपक्षाची काळजी खरी, पण ती भलत्याच भांड्याशी जाऊन बसली आहे.

रोगाचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी टॅरंटुलाच्या तोंडात वाढणाऱ्या एका सूत्रकृमीचे वर्णन केले. ‘अरॅक्नोफोबिया’ या कोळ्यांच्या भयपटातला नट जेफ डॅनियल्स याचे नाव त्यांनी त्या कृमीला दिले (शास्त्रज्ञांनाही थट्टा सुचते). बाधा झालेला कोळी अन्न सोडतो आणि त्याच्या तोंडाशी पांढरट स्राव दिसतो. म्हणजे न खाणे हे कधीकधी आजाराचे लक्षण असते, हे मान्य. पण तिथेही बळेच भरवण्याने काय साधते? तोंडच निकामी झालेले असते. मग रोग असो वा कात, घास पुढे करणे दोन्हीकडे फुकट जाते. उलट नुकसान ठरलेले. बरणीत सोडलेला जिवंत नाकतोडा किंवा रातकिडा कात टाकून मऊ पडलेल्या पिल्लाला कुरतडून मारू शकतो. शिकारीनेच शिकाऱ्याला खाल्ले, आणि ते आपल्या मायेपायी.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. त्यांचे म्हणणे, काहीच करू नका, निसर्ग बघून घेईल. हेही मला पटत नाही. बरणी हा निसर्ग नव्हे. भक्ष्य पिल्लापेक्षा मोठे असेल तर पिल्लूच घाबरून मागे सरते; अशा वेळी आधीच मारलेल्या किड्याचा लहानसा तुकडा ठेवावा. पिल्ले मेलेले अन्नही खातात. दुसऱ्या दिवशी तुकडा तसाच असेल तर बुरशी यायच्या आत काढून टाकावा. रोज झाकण उघडून डिवचणे आणि या डब्यातून त्या डब्यात हलवणे यानेही भूक मरते.

राहिला प्रश्न जंगलातल्या कोळ्याचा. झाडांच्या ढोल्यांत राहणाऱ्या पोसिलोथेरिया प्रजातीतल्या आपल्या जाती परदेशी बाजारात इतक्या मागितल्या जातात की 2019 मध्ये ही सगळी प्रजाती वन्यजीव व्यापारावरच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावी लागली. तेव्हा सानगडीच्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना एवढेच सांगणे आहे: लाकडांत सापडलेला कोळी बरणीत भरू नका, भरलाच असेल तर तो जेवेल याची वाट न पाहता जिथून आणला तिथे आजच नेऊन सोडा.