धातुशोधक यंत्र : बागेसाठी आणि किनाऱ्यासाठी निवड

मातीत किंवा वाळूत हरवलेली नाणी, अंगठ्या, साखळ्या शोधण्याचे, हातात धरून फिरवायचे विद्युत्‌चुंबकीय यंत्र. रोजच्या बोलण्यात मेटल डिटेक्टर. विकत घेणारा आधी विचारतो, किती खोलवरचे सापडते? खरे तर जमीन कोणती, हे आधी पाहायला हवे. कोरड्या बागेत चोख चालणारे यंत्र ओल्या खाऱ्या वाळूवर विनाकारण ओरडत सुटते, आणि खास किनाऱ्याचे म्हणून घेतलेले यंत्र बागेत दिवसभर खिळे उकरायला लावते.

दांड्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल असते. तिचे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरले की तिथल्या धातूत प्रवाह फिरू लागतात आणि त्यांची चाहूल यंत्राला लागते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी याच तत्त्वावर शोधून पाहिली. गादीतल्या पोलादी तारांनी घोळ घातला आणि गोळी हाती लागली नाही. आसपासच्या पदार्थांचा हा गोंधळ आजही सुटलेला नाही.

बागेत शत्रू असतो तो कचरा. बाटल्यांची बुचे, चंदेरी वेष्टने, खिळे. बागेसाठीची बरीच यंत्रे साधारण ५ ते २० किलोहर्ट्झमधल्या एकाच वारंवारतेवर चालतात आणि परतणाऱ्या संकेतावरून धातूचा अंदाज बांधून पडद्यावर आकडा दाखवतात. लोखंड गाळायला ही सोय उत्तम. मात्र सोन्याची नाजूक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. ॲल्युमिनियम गाळायचे बटण दाबले की अंगठीही गेलीच! सोने हवे असेल, तर कड्या उकरत बसण्याला पर्याय नाही. कचरा दाट असेल तिथे सहा इंची छोटी कॉइल घ्यावी. ती खोल जात नाही, पण जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या दाखवते.

किनाऱ्याचे गणित निराळे. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू कोणत्याही साध्या यंत्राला चालते. खारे पाणी मात्र स्वतःच वीजवाहक असल्याने ओली वाळूच धातूसारखी बोलते. गॅरेट कंपनीचे ‘एटी प्रो’ तीन मीटर पाण्यात बुडवता येते; पण ते १५ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालत असल्याने खाऱ्या वाळूत त्याची संवेदनशीलता उतरवावी लागते. जलरोधक म्हणजे क्षाररोधक नव्हे, आणि फसगत होते ती इथेच. मिनलॅबच्या ‘इक्विनॉक्स’सारखी एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रे मिठाचा परिणाम वजा करतात. बाग आणि किनारा दोन्हींसाठी एकच यंत्र घ्यायचे, तर याच जातीचे घ्यावे. पल्स इंडक्शन यंत्रे स्पंद सोडून क्षणभर थांबतात. तेवढ्यात मिठातला प्रवाह विरतो, धातूतला टिकतो. खोलीला ती सरस, पण लोखंड ओळखण्यात कच्ची.

काळी वाळू हा तिसरा अडथळा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटयुक्त काळी वाळू आहे आणि कोकणातली जांभ्याची मातीही लोहयुक्त. अशा जागी जमीनच संकेत देते; तो वजा करण्याची जुळणी, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, हाताने करता येणारे यंत्र उपयोगी पडते.

बागेत हिरवळ तीन बाजूंनी कापून पापुद्र्यासारखी उलटावी, वस्तू काढून माती भरावी आणि गवत पुन्हा दाबून बसवावे. वाळूसाठी भोकांचे फावडे पुरते.

परवानगीचा प्रश्न यंत्राइतकाच महत्त्वाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत या यंत्रांवर बंदी आहे. ब्रिटनमधील हॉक्सन येथे १९९२ मध्ये मित्राचा हरवलेला हातोडा शोधताना एरिक लॉज यांना रोमन नाण्यांचा साठा लागला. त्यांनी खणणे थांबवून कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना चौदा हजारांहून अधिक नाणी जागच्या जागी अभ्यासता आली. भारतात १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्याशिवाय खणणे गुन्हा आहे.