वंचित वस्त्यांचे पेयजल आणि सरकारी निधी

सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे सर्वांना खुले असावेत, हे तत्त्व भारतात मोठ्या झगड्यानंतर मान्य झाले. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला तशा आशयाचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयीन निकालाला १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरात जात, धर्म, लिंग आदी कारणांवरून आडकाठी करण्यास मनाई झाली.

आज प्रश्न प्रवेशापेक्षा वाटपाचा अधिक आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनचा मूळ अंदाजित खर्च ३.६० लाख कोटी रुपये असून त्यात केंद्राचा वाटा २.०८ लाख कोटींचा आहे. प्रत्येक ग्रामीण घरास दरडोई दररोज ५५ लिटर शुद्ध पाणी नळाने देणे हे उद्दिष्ट. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी केंद्र-राज्य हिस्सा ९०:१० आहे. गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण यांसारख्या राज्यांना निम्मा भार स्वतः उचलावा लागतो.

राज्यांना निधी देताना ग्रामीण अनुसूचित जाती-जमातींच्या लोकसंख्येस १० टक्के, तर फ्लोराइड, आर्सेनिक यांसारख्या रासायनिक दूषणाने ग्रस्त वस्त्यांच्या लोकसंख्येस आणखी १० टक्के भारांक आहे. गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चापैकी १० टक्के लोकवर्गणी अपेक्षित असते. ती रोख, वस्तुरूप वा श्रमदानाने देता येते. डोंगराळ व वनक्षेत्रातील गावे, तसेच जिथे अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक आहे अशी गावे, यांच्यासाठी ती ५ टक्के.

खरी अडचण या शेवटच्या अटीत आहे. सवलतीचे माप गाव हे आहे; वंचितपणा मात्र बहुधा वाड्यावर असतो. मोठ्या गावाच्या कडेला असलेल्या वीस-पंचवीस घरांच्या वाड्याला, तो कितीही गरीब असला तरी, केवळ या निकषाने सवलत मिळत नाही. जलवाहिनी गावठाणात आधी पोहोचते, टाकीपासून दूरच्या वा उंचावरच्या घरांना दाब कमी पडतो, आणि कागदावर जोडणी मात्र सर्वांची सारखीच मोजली जाते. पाणी समितीत निम्म्या महिला आणि दुर्बल घटकांना २५ टक्के प्रतिनिधित्व हवे, ही तरतूद म्हणूनच महत्त्वाची. वाड्याची तक्रार मांडण्याची ती जागा आहे.

सर्व ग्रामीण घरांना नळ दिल्याचे गोव्याने २०२० मध्ये जाहीर केले. ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मात्र २०२२ मध्ये, ग्रामसभांच्या ठरावांनंतर मिळाले. मिशनची मूळ मुदत २०२४ ची होती. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली आणि भर देखभाल-दुरुस्तीवर देण्यात आला. पंप, वीजबिल आणि क्लोरीनचा खर्च दरमहा येतो. तो पाणीपट्टीतून भागवायचा, तर सर्वांत कमी उत्पन्नाच्या घरांकडून किती घ्यायचे हे गावालाच ठरवावे लागते.