भूमिगत खाणकामातील दूरनियंत्रित यंत्रे व यंत्रमानव

भूमिगत खाणीतील धोक्याच्या जागी माणसाने स्वतः न जाता, सुरक्षित अंतरावरून तारेच्या अथवा रेडिओ तरंगांच्या साहाय्याने चालविलेल्या यंत्रांना दूरनियंत्रित खाणयंत्रे म्हणतात. त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात खनिज तोडणारी, भरणारी व वाहून नेणारी उत्पादनाची यंत्रे येतात. दुसऱ्या वर्गात स्फोट, आग, पूर यांसारख्या दुर्घटनेनंतर खाणीच्या अंतर्भागाची पाहणी करणारे फिरते यंत्रमानव येतात. पहिल्या वर्गातील यंत्रे खाणव्यवसायात रुळली आहेत. दुसरा वर्ग मात्र ज्या प्रसंगांसाठी निर्माण झाला, त्याच प्रसंगी अनेकदा अपुरा पडला आहे. या भेदाचे कारण खाणीच्या स्वरूपातच आहे.

पार्श्वभूमी : महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. मुरूम, उमरगा यांसारख्या मराठवाड्यातील गावांना खडकाचा परिचय आहे तो उघड्या दगडखाणींचा व विहिरींचा. भूमिगत खाणकाम मुख्यत्वे विदर्भात चालते. वरोडा येथील सरकारी कोळसा खाण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सुरू होऊन १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुगुस, कामठी इ. भागांत खाणी वाढल्या. १९७३ मधील राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ मध्ये कोल इंडियाची स्थापना झाली व नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीकडे या खाणी आल्या.

या भागात खोली व स्तंभ पद्धत प्रचलित आहे. कोळशाच्या थरात एकमेकांस छेदणारे बोगदे खणून मधले कोळशाचे स्तंभ छताला आधार म्हणून राखतात. शेवटी मागे हटत हे स्तंभही काढून घेतात, तेव्हा मागील छत कोसळणे अपेक्षितच असते. कोळसा काढून झालेल्या या रिकाम्या भागास खाणीत ‘गोफ’ म्हणतात. छत केव्हा व कोठवर कोसळेल याचा अंदाज चुकला, तर गोफच्या कडेला काम करणारा माणूस त्याखाली सापडतो. छताखेरीज वायू व पाणी हे कोळसा खाणीतील दोन मोठे शत्रू होत. १८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूर जिल्ह्यातील सिल्लेवाडा खाणीत पाणी शिरून १० कामगार दगावले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच, २७ डिसेंबर रोजी, धनबादजवळील चासनाला खाणीत पाण्याच्या लोंढ्याने सु. ३७५ जणांचा बळी घेतला.

उत्पादनाची यंत्रे : माणसाला कोळशाच्या तोंडापासून दूर नेण्याचा प्रयत्न प्रथम ब्रिटनमध्ये झाला. तेथे १९६३ मध्ये न्यूस्टेड खाणीत लांब भिंत पद्धतीच्या कामावरील कर्तनयंत्र व पोलादी आधार दुरून चालविण्याचा प्रयोग करण्यात आला. कोळसा कोठे संपतो व खडक कोठे सुरू होतो हे डोळ्याने व हाताने ओळखणारा कामगार तेथून हलविताच, ते ओळखणाऱ्या संवेदकांची उणीव भासू लागली. हे प्रयोग त्या काळी फारसे पुढे गेले नाहीत.

अमेरिकेत १९४८ मध्ये बाजारात आलेले अखंड खननयंत्र अधिक यशस्वी झाले. दात बसविलेले पिंप फिरवून ते कोळसा तोडते व आपल्याच वाहकपट्ट्याने मागे टाकते, त्यामुळे सुरुंग लावावे लागत नाहीत. पुढे त्यास रेडिओ नियंत्रण जोडण्यात आले. चालक यंत्रावरून उतरून, आधार दिलेल्या छताखाली उभा राहू लागला. छताचा धोका त्यामुळे कमी झाला, पण एक नवा धोका उद्भवला. यंत्र व बोगद्याची भिंत यांच्या फटीत चालक चिरडला जाण्याचे अपघात घडू लागले. त्यामुळे माणूस जवळ येताच यंत्र थांबविणारी योजना त्या देशात २०१५ मध्ये नियमाने आवश्यक करण्यात आली.

धातूंच्या खाणींत खडक कठीण व बोगदे प्रशस्त असतात, शिवाय ज्वलनशील वायूचा धोका सामान्यतः कमी असतो. म्हणून कॅनडातील सडबरी येथील निकेलच्या व स्वीडनमधील किरुना येथील लोहाच्या खाणींत दूरनियंत्रणाने अधिक मजल मारली. सडबरी येथे जमिनीवरील कक्षात बसून खाणीतील भरणयंत्रे चालविण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विकसित झाले.

भारतात रेडिओ नियंत्रणाचे अखंड खननयंत्र २००२ मध्ये चिरमिरी (छत्तीसगढ) येथील अंजन हिल खाणीत आले. त्यानंतर ते वेस्टर्न कोलफील्ड्सच्या तांडसी (मध्य प्रदेश) या खाणीत वापरण्यात आले. याच अंजन हिल खाणीत ६ मे २०१० रोजी झालेल्या स्फोटात १४ जणांना प्राण गमवावे लागले. चालकाला छतापासून दूर नेल्याने खाण वायूपासून सुरक्षित होत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

पाहणी व बचावाचे यंत्रमानव : स्फोटानंतर खाणीत कार्बन मोनॉक्साइड साठतो व दुसऱ्या स्फोटाची भीती असते. श्वसनयंत्र लावून आत जाणाऱ्या बचाव पथकातील माणसे अशा वेळी स्वतःच बळी ठरू शकतात. त्यांच्याआधी यंत्र पाठविण्याची कल्पना यातून निघाली. अमेरिकेतील क्वेक्रीक येथे जुलै २००२ मध्ये शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीतील पाणी फुटून नऊ कामगार अडकले व सुखरूप सुटले. जुन्या खाणीचा नकाशा सदोष होता. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठाने अशा खाणींचे नकाशे काढणारा ‘ग्राउंडहॉग’ हा यंत्रमानव बनविला. भारतात दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने खाणीतील पाहणीसाठी यंत्रमानवाचा नमुना तयार केला.

प्रत्यक्ष दुर्घटनांतील अनुभव मात्र निराशाजनक आहे. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतील सागो खाणीत पाठविलेला यंत्रमानव वाटेतच अडकला. तेथे १२ जण दगावले. नोव्हेंबर २०१० मध्ये न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत लष्कराचा यंत्रमानव पाण्यामुळे बंद पडला. त्या खाणीत २९ जणांचा अंत झाला.

मर्यादा : रेडिओ तरंग खडकातून फार अंतर जात नाहीत, म्हणून बोगद्यांतून विशिष्ट केबल ओढावी लागते, स्फोटात तीच प्रथम तुटते. यंत्राने स्वतःची केबल मागे ओढत न्यावी, तर ती ढिगाऱ्यात गुंतते. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असता एक ठिणगीही स्फोटास पुरते. त्यामुळे विजेचे सर्व भाग जाड ज्वालारोधी आवरणात ठेवावे लागतात व यंत्र जड होऊन चिखलात रुतते. उत्पादनाच्या यंत्रासाठी बोगदा आधीच मोजून, आधार देऊन तयार केलेला असतो. बचावाच्या यंत्रासमोर हीच व्यवस्था मोडलेली असते.

भारतातील दोन घटना या संदर्भात उद्‌बोधक आहेत. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरून ७१ कामगार अडकले. वरून छिद्र पाडून त्यातून पोलादी कुपी सोडण्यात आली. खाण अभियंता जसवंत सिंग गिल स्वतः त्या कुपीतून खाली उतरले आणि ६५ जण वाचले. उत्तराखंडातील सिल्क्यारा येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये बोगदा ढासळून ४१ मजूर अडकले. ही खाण नसली तरी अडचण तीच होती. सु. १५ सेंमी. व्यासाच्या नळीतून सरकविलेल्या कॅमेऱ्याने मजूर जिवंत असल्याचे दाखविले. पुण्याच्या संरक्षण संशोधन आस्थापनेत विकसित झालेला ‘दक्ष’ हा यंत्रमानवही आणला होता, पण सैल मातीवर तो चालू शकला नाही. छिद्र पाडणारे यंत्र मोडल्यावर अखेरचे सु. १२ मी. अंतर अरुंद बिळांतून खणण्यात तरबेज असलेल्या मजुरांनी हातांनी खोदले व सतराव्या दिवशी सर्वांची सुटका झाली.

एवंच, दूरनियंत्रित यंत्राचा खरा उपयोग दुर्घटनेपूर्वी, माणसाला गोफच्या कडेपासून दूर ठेवण्यात आहे. दुर्घटनेनंतर ते अद्याप कुशल हाताची जागा घेऊ शकलेले नाही. म्हणून यंत्रे वाढली तरी प्रशिक्षित बचाव पथके, अचूक नकाशे व वायुवीजन यांवरील खर्चात काटकसर करणे घातक ठरेल.